आतून पांढरी निघालेली फळी

कुंदे,

तुझं सरण पेटलं तेव्हा मी आपल्याच बाकावर बसले होते, आणि तुझ्याकडे पाहायचं सोडून बाकाकडे पाहत होते.

आपल्याकडे बायका मोक्षधामात जात नाहीत. तिरडी उचलली की दारातून हात जोडायचे, मागे फिरायचं आणि घर धुवायला घ्यायचं. आपण दोघींनी कितीतरी मयतींना हेच केलं. तुझ्या वेळी मी ऐकलं नाही. तुझ्या मोठ्या जाऊबाईंनी हात धरला, असं करू नये म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला आणि चपला न घालताच माणसांच्या मागे चालायला लागले. चाळीस वर्षांची मैत्रीण आहे, मी दारातून परत फिरणार नाही, असं काहीतरी मी मोठ्याने बोलले म्हणे. तुझ्या नवऱ्याने, वसंतभाऊंनी, एकदा वळून पाहिलं आणि पुढे चालत राहिले. अडवलं नाही, एवढं त्यांचं मानलं पाहिजे.

तिथे पोचेपर्यंत पाय भाजले होते. चैत्राचं ऊन, तेही अकोल्याचं. शेडखाली सहा बाक होते, आपले, आपल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या मोठ्या खेपेतले. मी त्यातल्या कडेच्या बाकावर टेकले. रडू येत होतं, म्हणून बाकाची कड घट्ट धरली, तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. कोपऱ्याचा टवका उडालेला होता, आणि आत पांढरं होतं.

आपली फळी आतून कशी असते हे तुला काय सांगायचं. पण त्या वेळी मी ते स्वतःलाच परत परत सांगत होते. आपली फळी तुटली की काळपट तपकिरी निघते. त्यात कुठे निळा कण, कुठे लाल, मधेच पऱ्हाटीची एखादी काडी दिसते. दुधाच्या पिशव्या, तुटक्या बादल्या, पन्न्या आणि कापूस वेचून झाल्यावर वावरात उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाट्या, यांचं मिळून जे होतं ते तसंच दिसायला हवं. हा बाक आतून साबणाच्या वडीसारखा पांढराशुभ्र होता. मी पर्समधली किल्ली काढून आणखी खरवडलं. वर तपकिरी रंग, खाली बाजारातली फळी. हार्डवेअरच्या दुकानात लाकूड-प्लास्टिक म्हणून जी मिळते ती, नव्याकोऱ्या प्लास्टिकची, फसफसवून फुगवलेली, आणि तेही नेमकं फ्लेक्सच्या जातीचं प्लास्टिक, जे आपण गेटच्या आत येऊ देत नव्हतो. ते तापलं की डोळे झोंबतात, मशीन खराब होतं, म्हणून तूच तो नियम केला होतास. फ्लेक्सचा एक तुकडा सापडला म्हणून तू टेम्पोवाल्याला सगळा माल परत न्यायला लावला होतास, आठवतं?

समोर तू जळत होतीस आणि मी किल्लीने बाक खरवडत होते. दुसऱ्या बाकाकडे गेले, तोही तसाच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुणीतरी पाण्याची बाटली आणून दिली, कुणीतरी म्हणालं, रडू द्या बाईंना. कुंदे, त्यातलं अर्धं पाणी रागाचं होतं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मी त्या बाकांवर आठ वर्षं जगले गं. मोक्षधामात मी जाणार कशाला? उद्घाटनाच्या दिवशी हार घातलेल्या बाकांपुढे उभं राहून भाषण केलं, तेवढंच माझं जाणं. मग दर मे महिन्यात तू फोटो पाठवायचीस. ‘बघ, अजून सरळ आहेत तुझे बाक.’ तो फोटो मी अमरावतीच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक महिला मंडळात दाखवला. अकोल्याच्या उन्हात इतके उन्हाळे काढलेत, तसूभर वाकलेले नाहीत, असं मी छाती पुढे काढून सांगत आले. टाळ्या घेतल्या. बाजारातल्या फळीला नावं ठेवली. आणि फोटोत तीच फळी होती. दर मे महिन्यात तू ती कुठल्या बाजूने दिसेल ते पाहून फोटो काढत असणार, टवका उडालेला कोपरा टाळून. हे तू कसं केलंस?

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची. म्हणून तुझ्याकडेच करते आहे.

तिसऱ्या दिवशी मी एमआयडीसीत आपल्या कारखान्यावर गेले. शेडमध्ये अंजनाबाई एकट्याच होत्या. त्या पहिल्या दिवसापासून आपल्याकडे निवडायला बसतात, तूच त्यांना शिकवलंस. पन्नी कानाशी धरून चुरगळायची, कडक वाजली की एकीकडे, मऊ वाजली की दुसरीकडे. शंका आली तर पाण्याच्या टाकीत टाकायची, तरंगली तर आपली, बुडाली तर परकी. त्या दिवशी त्या सवयीने निवडतच बसल्या होत्या. मी समोर पाट ओढून बसले आणि मोक्षधामातल्या बाकांचं विचारलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“सगळ्याइले माहीत होतं, ताई,” त्या म्हणाल्या. “कुंदाबाईनं शपथ घातली होती.”

“मले कावून नाही सांगितलं?”

“तुमी आयकून घेता का?”

माझ्या कारखान्यात, जिथे मी दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून येत होते, जिथे मी तुम्हा सगळ्यांना प्लास्टिक म्हणजे काय ते फळ्यावर काढून शिकवलं, तिथल्या सातही जणींना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी शनिवारी गेटातून आत यायची तेव्हा तुमचं बोलणं थांबत असेल. मला वाटायचं मास्तरीण आली म्हणून बाया मान देतात.

मग अंजनाबाईंनी उरलेलंही सांगितलं, थांबून थांबून. नुसते बाक नव्हते बदलले. पहिला उन्हाळा सरला, तसं तू मालच बदललास. चकचकीत पाकिटं, वेफरची, कुरकुऱ्यांची, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, हे सगळं तू फळीत घालायचं बंद केलंस. फळीत फक्त दुधाच्या पिशव्या, साध्या पन्न्या, बादल्या, कॅन आणि पऱ्हाटीचा भुसा. शाळांमधले बाक, बसस्टॉपवरचे बाक, झाडांभोवतीचे कठडे, सगळे त्या मालाचे. म्हणजे ते खरे आहेत, आपलेच आहेत. पण मी त्यांच्याबद्दल जे बोलत आले ते खोटं होतं.

आणि मी काय बोलत होते हे तुला पाठ होतं. भंगारवाला जे घेत नाही तेच आपण घ्यायचं. बाटल्या, बादल्या तो घेतोच, त्याला भाव आहे. पाकीट कुणी घेत नाही. ते नालीत जातं, वावरात जातं, ढोराच्या पोटात जातं. म्हणून आपण पाकीट घ्यायचं. या एका वाक्यावर तर आपण उभं राहिलो होतो. तुझ्या माहेरच्या भाजीच्या दुकानामागे बसून, मेथीच्या जुड्या बांधताना आपण ते ठरवलं होतं. तू म्हणालीस, “तू सांग कसं करायचं, मी करतो.” वसंतभाऊंच्या लेथवर भंगारातल्या दोन मशिनींची एक केलीस. तुझ्या मापाची डाय, म्हणजे फळीचा साचा, अख्ख्या विदर्भात कुणी कापली नसती. पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या कवड्या मशिनीच्या तोंडात, हॉपरमध्ये, गेल्या की मशीन गुदमरायचं. कारण मला पुस्तकात सापडलं नाही. तुला सकाळी चहा पिता पिता सापडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाया पऱ्हाट्या झोडायला लागल्या. “तुही पऱ्हाटी पुस्तकातली, माही वावरातली,” असं तू मला चिडवायचीस.

पहिली धड फळी बाहेर आली तो दिवस मी विसरणार नाही. दोन विटांवर ठेवून तू आधी स्वतः चढलीस, मग मला ओढलंस. तुझं वजन काही कमी नव्हतं, माझंही नाही. फळी हलली नाही. “आपल्या दोघीचं पेललं तं गावाचं पेललंच,” म्हणालीस आणि आपण तिथेच, ग्रीस लागलेल्या फरशीवर, बायांच्या देखत फुगडी घातली. त्या फळीत पाकिटं होती ना, कुंदे? ती तरी खरी होती ना? मी अंजनाबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आता कुणावर तरी ठेवायलाच हवा.

यापुढचं मी लिहिणार नव्हते. पण तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेऊन स्वतःचं झाकून ठेवलं तर माझ्यात आणि त्या बाकात फरक तो काय राहिला?

त्या पहिल्या मेमध्ये तू माझ्या अमरावतीच्या घरी आली होतीस. पॅसेंजरने, मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन. दुपारची वेळ, मी उत्तरपत्रिका तपासत होते. तू ती फळी माझ्या दिवाणावर ठेवलीस. ती मधोमध खाली आली होती, झोळीसारखी. बाक बसवून पुरते दोन महिने झाले नव्हते. तू म्हणालीस, शोभे, पाकिटातले थर एकमेकांत मिसळत नाहीत, एक वितळते तवा दुसरा तसाच राहते, आतून फटी पडतात, ऊन लागलं की फळी पोटातून सुटते. आपल्याले पाकीट सोडा लागते.

मी उत्तरपत्रिकेवरून मानही पूर्ण वर केली नाही. तुझं तापमान चुकलं असेल म्हणाले. भुसा नीट वाळवला नसेल. पाय दूर दूर लावले असतील. तू म्हणालीस, सगळं करून पाहिलं, तीन डाव करून पाहिलं. तर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू लेथवाल्याची बायको आहेस, तुला जेवढं दिसतं तेवढंच कळणार.

तू चहाही न घेता गेलीस. फळी तशीच दिवाणावर राहिली. ती मी नंतर बंबात घालायला कामवालीला दिली. प्लास्टिक जाळू नये असं गावोगाव सांगणारी मी. आपण दीड महिना बोललो नाही. मग तुझा फोन आला. “झालं दुरुस्त, शोभे. आता नाही वाकत.” मी कसं केलंस म्हणून विचारलं नाही. वर्गात मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी मी कसं आलं ते विचारते, रीत दाखव म्हणते, नाहीतर गुण कापते. तुला विचारलं नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं; पाकिटांशिवायची फळी तोवर जमली नव्हती म्हणून तू बाजारातली लावलीस, हे अंजनाबाईंकडून आता कळलं.

म्हणून काय तू मोकळी झालीस असं समजू नकोस. मी ओरडले असेन, अपमान केला असेन. पण मैत्रिणीने एकदा दार आपटलं म्हणून आठ वर्षं खिडकीतून फसवायचं असतं का? दुसऱ्यांदा यायचं होतंस. तिसऱ्यांदा. मी भांडले असते, पुन्हा दीड महिना अबोला धरला असता. मग कधीतरी शनिवारी येऊन गुपचूप मशीनपाशी उभी राहिले असते, तू मला ओळखतेस. तू मला ती संधीच दिली नाहीस. तू मला भाषण करायला पाठवलंस, जसं लहान मुलाला घरात गडबड असली की शेजारी खेळायला पाठवतात.

आणि दवाखान्यात? शेवटच्या आठवड्यात तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, “त्या गावच्या लोकाइले आत्ता बलावू नोको.” मी तुला काय सांगितलं? सगळं ठरलं आहे, अकरा ग्रामपंचायतींची माणसं येणार आहेत, आपलं पाहून आपापल्या गावात तसलंच युनिट टाकणार आहेत, पाकिटांचा प्रश्न सुटणार आहे, आणि तू आधी बरी हो. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं औषधाची गुंगी आली. तुझ्या जिभेवर तेव्हा काय होतं ते मी आता रोज जुळवून पाहते. सांगणार होतीस का? की नुसती तारीख पुढे ढकलायची होती? ते मला कधीच कळणार नाही, आणि याचाही राग तुझ्यावरच येतो.

आठव्या दिवशी तुझ्या भावाचा फोन आला, मूर्तिजापूरहून, गजाननभाऊंचा. दुखवट्याचं बोलून झालं, मग जरा अवघडत म्हणाले, ताई, ते गाठोडे कधी नेता, पाऊस यायच्या आत गोठा मोकळा करा लागते. मी विचारलं, कसली गाठोडी? ते गप्प झाले. मला त्या गप्प होण्याची आता ओळख पटायला लागली आहे.

मी दुसऱ्या दिवशी गेले. बडनेऱ्याहून अकोल्याला येताना मूर्तिजापूर मधे लागतं. इतकी वर्षं दर शनिवारी मी त्या स्टेशनावर खिडकीतून चहा घेतला. स्टेशनापासून ऑटोने पंधरा-वीस मिनिटं, मग थोडं बांधावरून चालत. गजाननभाऊंनी गोठ्याची कडी काढली. आत ढोरं नव्हती. जमिनीपासून पत्र्यापर्यंत पाकिटं होती. दाबून सपाट केलेली, नवार पट्टीने बांधलेली, एकावर एक थप्प्या. आठ वर्षांची पाकिटं. वेफर, कुरकुरे, शाम्पू, गुटखा, सगळ्या त्या चकचकीत जातीची. मी एक गठ्ठा ओढला आणि मधलं एक पाकीट उपसून हाताने उलटं केलं. आतून धुतलेलं होतं. दुसरं काढलं, तेही धुतलेलं, वाळवलेलं. ज्या मालाचं काही करायचं नाही तो कुणी धुतं का?

जाळता आली असती. डंपिंगवर टाकता आली असती, कुणी विचारलं नसतं. तू ती धुवून, वाळवून, टेम्पोने भावाच्या वावरात आणून ठेवत होतीस, आणि त्याच्या ढोरांना आठ वर्षं पऱ्हाट्यांच्या मांडवाखाली बांधायला लावलंस. मी गजाननभाऊंना विचारलं, हे कशासाठी म्हणायची ती?

ते दाराशी टेकून उभे होते. “कुंदा म्हणे, शोभा काढीन काही ना काही रस्ता,” ते म्हणाले. “जरा दम धर म्हणे. तिले येकदम सांगतलं तं खचून जाईन.”

मी तिथेच गठ्ठ्यावर बसले आणि रडले. या वेळी सगळं पाणी तुझ्यासाठी होतं. आणि रडता रडताच पुन्हा संताप आला. खचून जाईन? मी? अगं, तुझा माझ्यावर इतका विश्वास होता, तर तो तुझ्या भावाच्या गोठ्यात कशाला कोंडून ठेवलास? मला दिला असतास तर मी काहीतरी केलं असतं, किंवा काही करता येत नाही हे तरी कळलं असतं. तू मला एकाच वेळी फार मोठी समजत होतीस आणि फार नाजूक. दोन्ही मी नव्हते. तू माझ्यावर माया केलीस हे मला कळतं. पण फसवलंस, कुंदे. तू मला फसवलंस. माया होती म्हणून ते दुसरं काही होत नाही.

गावची माणसं काल आली. तुझी तेरवी उद्या आहे, म्हणून वसंतभाऊ म्हणाले, पुढे ढकला, आत्ता कुठे बोलावता. मी एक दिवस खरंच विचार केला. पुढे ढकलता आलं असतं. तेवढ्यात मी दोन बाक नव्याने रंगवून घेतले असते, मोक्षधामाचा फोटो दाखवला असता, चहा-पोहे देऊन त्यांना मशीन फिरवून दाखवलं असतं, आणि ती माणसं अकरा गावांत शेड बांधून पाकिटं गोळा करायला लागली असती. मग पहिल्या मेमध्ये त्यांच्या फळ्या झोळीसारख्या झाल्या असत्या आणि त्यांच्यातली एखादी कुंदा बाजारातून पांढरी फळी आणून तपकिरी रंग देत बसली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मी शाळेत निबंधात घातली होती. काल मला ती नको वाटली.

मी गजाननभाऊंकडून एक गठ्ठा मागवून घेतला होता. माणसं शेडमध्ये सतरंजीवर बसली, बहुतेक सरपंच आणि ग्रामसेवक, दोन-तीन बचतगटाच्या बाया. मी नेहमीसारखी उभी राहिले आणि नेहमीसारखं सुरू करता येईना. अंजनाबाई दारात उभ्या होत्या. मग मी सांगितलं. फळी होते, चांगली होते, दुधाच्या पिशव्यांची आणि पऱ्हाटीची, ती उन्हात टिकते, तेवढं तुम्ही करा, मी शिकवते. पाकिटांची होत नाही. होते म्हणून मी तुमच्या तालुक्यात जे सांगत आले ते चूक होतं. मोक्षधामातले बाक आमचे नाहीत. ते पहिल्याच उन्हाळ्यात वाकले होते, आणि माझ्या जोडीदारणीने मला आधीच सांगितलं होतं.

एक ग्रामसेवक हसला, दोघे उठून बाहेर गेले ते परत आले नाहीत. त्यांना माझा राग आला, तो रास्त होता. भरदुपारी एवढ्या लांबून येऊन काय ऐकायला मिळालं त्यांना. एका गावच्या सरपंचबाई मात्र पुढे येऊन गठ्ठ्यापाशी बसल्या. तुझ्याएवढ्याच असतील, हाताला तसेच घट्टे. त्यांनी गठ्ठ्यातलं एक पाकीट काढलं, कानाशी धरून चुरगळलं, पुन्हा जागेवर खोचलं.

“मंग ताई, या पाकिटाचं करायचं काय?” त्यांनी विचारलं.

मी तीस वर्षं शिकवलं आहे. प्रश्न आला की उत्तर देते, येत नसलं तरी देते, आवाज चढवून देते. अंजनाबाई माझ्याकडे पाहत होत्या, त्यांच्या मागे बाकीच्या सहाही जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मले माहीत नाही,” मी म्हणाले.

सरपंचबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, बरं, मंग पाहू. नऊ माणसांपुढे, सात निवडणाऱ्या बायांच्या देखत मी हे बोलले, आणि आभाळ कोसळलं नाही. कुंदे, हे तीन शब्द त्या दुपारी अमरावतीला, दिवाणाशेजारी उत्तरपत्रिका बाजूला सारून मी तुला म्हटले असते, तर तुला काहीच लपवावं लागलं नसतं. आणि तू एकदा तरी मला ते म्हणायला लावलं असतंस, तर ते पहिल्यांदा ऐकणारी तू असतीस.